डावा खांदा

मी दुसरा बार काढला आणि सात मुली थांबल्या. आठव्या लेनमधली थांबली नाही. ती धावतच राहिली.

स्टार्टर म्हणजे शर्यत सोडणारा पंच. पिस्तुलाचा एक बार झाला की सुटायचं. लगेच दुसरा झाला तर कुणीतरी आधी सुटलंय, सगळ्यांनी परत यायचं. हे शाळेतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण त्यासाठी दुसरा बार ऐकू यावा लागतो, आणि मायाक्काला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती एकटीच शंभर मीटर धावली. फिनिश लाइन ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि मागे वळून पाहिलं. ट्रॅकवर कुणीच नव्हतं.

प्रेक्षकांत काही पोरं हसली. मला हसू आलं नाही आणि तिची कीवही आली नाही. खरं सांगायचं तर राग आला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, कार्यक्रम तासभर मागे पडला होता आणि आता ही बाई परत चालत येईपर्यंत सगळ्यांनी ताटकळायचं.

मी सोलापुरात शाळेत पी.टी. शिकवली. त्यातली वीसेक वर्षं जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धांत पिस्तूल माझ्याच हातात असायचं. ‘माने सरांच्या नजरेतून फॉल्स स्टार्ट सुटत नाही,’ असं लोक म्हणायचे. फॉल्स स्टार्ट म्हणजे बाराच्या आधी हलणं. मला ते वाक्य ऐकायला फार आवडायचं. माणूस अशाच वाक्यांनी बिघडतो.

त्या वर्षी स्पर्धेला ‘मैदान सर्वांचं’ असं नाव दिलं होतं. प्रवेशद्वारावर मोठा फ्लेक्स होता. कर्णबधिर मुलांच्या शाळेचा संघ पहिल्यांदाच इतर शाळांबरोबर उतरला होता. पाहुण्यांनी त्यावर वीस मिनिटं भाषण केलं, त्या मुलांना पुढे बोलावून फोटो काढले. तेव्हा मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांना ऐकू येत नाहीत, हे माझ्या शेजारी बसलेल्या पंच गड्डम मॅडमनी लक्षात आणून दिलं. त्या शाळेतली मुलं हात वर करून पंजे हलवतात, ती त्यांची टाळी. मॅडमनी तसं केलं. मला जरा लाजल्यासारखं झालं म्हणून मी केलं नाही.

उद्घाटन आटोपल्यावर त्या शाळेचे क्रीडाशिक्षक शेख सर माझ्याकडे आले. माणूस मवाळ, बोलताना हात बांधून उभा राहणारा.

“सर, एक रिक्वेस्ट होती.”

“बोला की.”

“आमची मायाक्का आहे, वळसंगची. तिला तुमच्या बाजूची लेन मिळेल का? तिला ऐकू येत नाही, तुम्ही दिसलात तर बरं पडेल. मोठ्या स्पर्धांत यांच्यासाठी लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांचा सेट असतो. आपल्याकडे नाही, मला माहीत आहे. लेन तरी...”

“लेन चिठ्ठीनं ठरते, शेख सर. नियम सगळ्यांना सारखा.”

“बरोबर आहे, सर. पण तिचे वडील मेंढरं राखतात. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलोय. आता कुठं ते म्हणालेत, पोरगी राज्याला निवडली गेली तर वसतिगृहात पाठवतो. नाहीतर शाळा बास, घरी. पहिल्या दोघी राज्याला जाणार आहेत, सर.”

“मग पहिल्या दोघींत येऊ द्या की,” मी म्हणालो आणि पिस्तुलात बाराच्या टोप्या भरायला लागलो.

हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, मायाक्का उशिरा सुटली. शेजारच्या मुली उठल्या हे पाहून ती उठली. तरीही शेवटच्या चाळीस मीटरमध्ये तिने अशी काही धाव काढली की दुसरी आली. बारीक अंगाची, लांब पायांची पोर. फायनलला गेली.

फायनल दुपारी होती. मधल्या वेळात मुलांच्या हीट चालल्या होत्या. मायाक्का डबा घेऊन स्टार्ट लाइनसमोरच्या कठड्यावर येऊन बसली. भाकरी खाता खाता ती माझ्याकडे टक लावून बघत होती. एक हीट, दुसरी हीट, तिसरी. मी पिस्तूल वर केलं की तिचा घास हातातच थांबायचा. मला वाटलं, खेड्यातली पोर आहे, पिस्तुलाचं अप्रूप असेल.

फायनलला तिला आठवी लेन आली. माझ्यापासून सगळ्यात लांबची.

“ऑन युवर मार्क्स.” शेजारणीचं बघून ती पाय रेटायच्या ब्लॉकवर बसली. “सेट.” सगळ्यांची कंबर वर आली. इतर मुलींची डोकी खाली होती. हिची मान तेवढी माझ्याकडे वळलेली. मी बार काढला. आठव्या लेनमध्ये काहीतरी हललं आणि बाकीच्या सात अजून ब्लॉकवरच होत्या.

इथे धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे फॉल्स स्टार्ट पकडणारं यंत्र नव्हतं. स्टार्टरची नजर हेच यंत्र. आणि नजर कशी काम करते? आठ जणी एका ओळीत दिसतात. ओळ एकदम उठली तर ठीक. एखादी ओळ मोडून आधी उठली की बोट आपोआप दुसऱ्यांदा दाबलं जातं. विचार करायला वेळच नसतो. वीस वर्षं माझं बोट तसंच चाललं होतं. त्या दिवशीही चाललं.

मायाक्का परत आली. मी तिच्यासमोर उभा राहून लाल-काळं कार्ड दाखवलं. ते दाखवलं की खेळाडू बाद, हल्ली पहिल्याच चुकीला. तिने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने उजवा हात पिस्तूल धरल्यासारखा वर केला, डावा खांदा झटक्यात कानाकडे उडवला आणि वर धरलेल्या मुठीची बोटं फुलवली. मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. पुन्हा तेच. हात, खांदा, बोटं, डोळे.

बाकीच्या मुली फिसकन हसल्या. मला वाटलं, ही सगळ्यांसमोर माझी नक्कल करतेय.

“शेख सर, हिला आवरा!” मी ओरडलो.

शेख सर धावत आले. “सर, ती चिडवत नाही, काहीतरी सांगतेय. एक मिनिट. माझ्याकडे मोबाईलवर स्टार्ट आहे, एकदा बघा.”

“मोबाईल बघणं पंचाला बंधनकारक नाही.”

“बंधनकारक नाही, सर. पण बघायला काय हरकत आहे?”

“तुमच्या मुलांना शिस्त शिकवा आधी. आम्ही संधी दिली, तिचं असं करता?”

‘आम्ही संधी दिली.’ हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

शेख सरांनी मोबाईल खिशात ठेवला. मायाक्काच्या पाठीवर हात ठेवून तिला घेऊन गेले. मी सात मुलींची फायनल सोडली. कार्यक्रम आणखी लांबला नाही.

शेख सरांनी तो व्हिडिओ मला संध्याकाळी पाठवला. खाली एवढंच, ‘सर, सवडीने बघा.’ मी आठ दिवस उघडला नाही. कामात होतो असं म्हणता येईल, पण नव्हतो. उघडला तो एका रविवारी, चहा पिताना.

माझ्या पाठीमागून घेतलेला, संथ गतीचा व्हिडिओ होता. माझा उजवा हात वर. मग माझा डावा खांदा, मीच बघतोय म्हणून सांगतो, अगदी ठळकपणे कानाकडे उडतो. लगेच पिस्तुलातून धूर निघतो. धूर निघाल्यावर आठव्या लेनमधले हात जमिनीवरून उचलतात. धूर आधी, हात नंतर. मी व्हिडिओ दहा-बारा वेळा पाहिला. चहा तसाच राहिला.

ती आधी सुटलीच नव्हती. माझ्या खांद्यावरून तिने ओळखलं की आता येणार, आणि धुरावर ती सुटली. बाकीच्या सातजणी आवाजाची वाट पाहत बसल्या होत्या, म्हणून मागे पडल्या. मधल्या वेळात कठड्यावर बसून ती हेच शिकत होती. बार काढताना माझा खांदा उडतो, हे वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकू येणाऱ्याला तिकडे बघायची गरजच काय?

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. फिनिशला उभ्या असलेल्या टाइमकीपरना मी स्वतः दरवर्षी शिकवायचो, “आवाजावर घड्याळ सुरू करू नका, आवाज उशिरा पोचतो. धूर दिसला की दाबा.” मायाक्काने तेच केलं होतं.

त्याहून वाईट पुढेच होतं. नियमात एक सोय आहे. फॉल्स स्टार्ट दिलेल्या खेळाडूने तिथल्या तिथे तोंडी हरकत घेतली आणि पंचाला शंका असली, तर त्याला ‘अंडर प्रोटेस्ट’ धावू देता येतं. म्हणजे आधी धावू द्यायचं आणि वाद नंतर मिटवायचा. तोंडी हरकत. मायाक्काने हरकत घेतली होती. दोनदा, अगदी खुलासेवार घेतली होती. मला ती नक्कल वाटली.

मी स्पर्धेच्या सचिवांना फोन लावला.

“माने सर, यादी गेली की राज्याला. आता काय करता?”

“मी लेखी देतो, निर्णय माझा चुकला म्हणून.”

“कशाला? तुमचंच नाव खराब होईल. पुढच्या वर्षी बघू तिचं.”

“बरं,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. चूक तर कुणाच्याही हातून होते, पण हे सुटल्यासारखं वाटणं मला जास्त लागतं. तेव्हा पत्र लिहायला हवं होतं. उपयोग झाला नसता, तरी लिहायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मी दिव्यांचा सेट करून घेतला. शुक्रवार पेठेतल्या एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने लाल, पिवळा, हिरवा दिवा असलेले आठ डबे जोडून दिले, प्रत्येक लेनच्या पुढे एक. पिस्तुलाचा घोडा दाबला की हिरवा लागतो. स्पर्धेत सगळ्यांनी कौतुक केलं. समावेशक खेळासाठी म्हणून त्याच पाहुण्यांच्या हस्ते मला शाल-नारळ मिळाला. शाल घेऊन उतरलो तर शेख सर समोर.

“मायाक्का कुठंय?”

“नाही आली, सर. वडिलांनी शाळा सोडवली. तुम्हाला सांगितलं होतं ना मी?”

सांगितलं होतं.

मग बरेच महिने मी ‘जाऊ, जाऊ’ करत राहिलो आणि एकदा शेख सरांच्या मागे मोटारसायकलवर बसून वळसंगला गेलो. मायाक्का आता टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला सोलापूरला जाते, त्या दिवशी तिला सुट्टी होती. वडील बिराप्पा दारात बसले होते. मी नाव सांगितलं.

“तुमीच व्हय ते बंदूकवाले?”

“व्हय, मीच. माझी चूक झाली होती. पोरगी बरोबर सुटली होती.”

बिराप्पा म्हणाले, “मी शब्द दिला हुता सरास्नी, निवडली तर पाठवतो म्हनून. न्हाय निवडली, मग घरी आनली. मला काय ठावं, ती बरोबर हुती म्हनून?” मग म्हणाले, “तवाच सांगायचं की, सर.”

मायाक्का बाहेर आली. तिने मला लगेच ओळखलं. चूक झाली, हे हातांनी कसं सांगायचं ते शेख सरांनी मला वाटेत शिकवलं होतं, पण ऐन वेळी मी विसरलो. मग मी उजवा हात वर केला आणि डावा खांदा उडवला.

ती खळखळून हसली. जवळ आली, माझ्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवला आणि तो हलकेच खाली दाबला. मग बोट हलवून ‘असं नाही’ म्हणाली. आणि चहा ठेवायला आत गेली.

शेख सर म्हणाले, “सर, ती म्हणतेय, खांदा स्थिर ठेवा.”

“कळलं मला,” मी म्हणालो. पहिल्यांदाच तिचं बोलणं मला कुणी न सांगता कळलं होतं, आणि त्याचा तिला आता काही उपयोग नव्हता.

नव्या स्टार्टरना शिकवायला मला अजून बोलावतात. हात कसा धरायचा, आवाज कसा लावायचा हे सांगतो, खांद्याचंही सांगतो. माझ्या नियमपुस्तकात ‘तोंडी हरकत’ या शब्दांपुढे मी पेनाने ‘किंवा हातांनी’ असं लिहून ठेवलंय. ते अधिकृत नाही. पण पुस्तक या नव्या मुलांच्या हातात देताना ते पान उघडून देतो.