एकच चक्कर

गरम डिझेलचा वास आला की मला धडगावचा जीपचा थांबा आठवतो. मी तिथल्या कॉलेजात गणित शिकवता शिकवता पीएच.डी. करत होतो. त्या दिवशी शहाद्याला जाऊन माझ्या मार्गदर्शक सरांना, फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या की उत्तर शेवटी एका बिंदूवर स्थिरावतं, याची सिद्धता दाखवायची होती, नाहीतर आणखी एक वर्ष गेलं असतं. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही. ड्रायव्हर आम्हाला बसवून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, सवारी शोधायचा आणि परत थांब्यावर यायचा. मांडीवरच्या कागदावर माझंही तेच चाललेलं. गणिताच्या दर फेरीला उत्तर ठरवून दिलेल्या क्षेत्राच्या बाहेर पडायचं, मी ते आतल्या सगळ्यात जवळच्या बिंदूवर ओढून आणायचो; पण क्षेत्राची कड आत वाकलेली, त्यामुळे जवळचे बिंदू दोन निघायचे आणि उत्तर त्या दोहोंमध्येच येरझाऱ्या घालायचं. "भाऊ, कव्हय निंघशी?" शेजारची बाई वैतागून म्हणाली. "एकच चक्कर, माय. मंग निंघनूतच," म्हणत ड्रायव्हरने गाडी पुन्हा वळवली. मी शहाद्याला पोचलो तेव्हा सर निघून गेले होते. तसं दाखवायला काही नव्हतंच. मुदत वाढली, नंतरही वाढतच गेली. काल बायकोने विचारलं, "अजून किती राहिलंय?" लॅपटॉपवर तेच दोन बिंदू आळीपाळीने येत होते. "एकच फेरी," मी म्हणालो.