बाबांचा नेम, माझी ॲलन की

बंदुकीत छर्रा न भरता आणि चाप न ओढता मी माझ्या वडिलांचा नेम दहाच्या दहा वेळा चुकवला. असा पराक्रम लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींत आणखी कुणाच्या नावावर असेल असं वाटत नाही.

दोन हजार सहाचा हिवाळा होता. आई जाऊन आठ महिने झाले होते. बाबा नागपूरच्या घरात एकटे राहतात हे मला सहन होत नव्हतं, म्हणून मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे घेऊन आलो. (त्यांना काय सहन होतं, हे मी विचारलं नव्हतं.) नागपूरच्या उन्हात सत्तर वर्षं काढलेला माणूस मी अशा घरात आणून बसवला, जिथे दुपारी चारला दिवे लावावे लागायचे. मी सकाळी मेट्रोपॉलिटन लाइन पकडायला निघायचो तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत असायचे आणि परत यायचो तेव्हाही त्याच खुर्चीत. फरक एवढाच, की संध्याकाळपर्यंत अंगावर एक स्वेटर वाढलेला असायचा.

"बाबा, थंडी वाजतेय का?"

"नाही. छान आहे."

"जेवण आवडतंय ना?"

"छान आहे."

मुलाच्या संसारात जाऊन नावं ठेवायची नाहीत, हा त्यांच्या पिढीचा कायदा. त्यातून सुनेच्या देखत तर नाहीच नाही. त्यामुळे बाबांच्या 'छान'चा अर्थ लावणं हा आमच्या घरातला मुख्य उद्योग होऊन बसला होता. माझी बायको मनीषा ताटात काय उरलंय ते बघून अंदाज बांधायची. मी एवढे कष्ट घेत नव्हतो. बाबा 'छान' म्हणाले की ते वाईट असणार, असं मी सरसकट ठरवून टाकलं होतं.

मार्चअखेरचं परतीचं तिकीट होतं. पुढच्या हिवाळ्यात परत याल ना, असं विचारलं की ते "बघू" म्हणायचे. मराठी माणसाच्या 'बघू'चा अर्थ मात्र कुणाला लावत बसावा लागत नाही. बाबा गेले की परत येणार नाहीत, त्या रिकाम्या घरात एकटेच राहतील, आणि एखाद्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन येईल, हे मला ऑफिसात बसल्या बसल्या दिसायचं.

एअर रायफल क्लबचा कागद लायब्ररीतून मनीषाने आणला. बाबा कॉलेजात एनसीसीतले पट्टीचे नेमबाज होते. तेव्हाचा एक कप नागपूरच्या कपाटात आहे आणि त्यात आई सुटे सेफ्टी पिना ठेवायची. कागद बघून बाबा पहिल्यांदा खुर्चीतून आपणहून उठले आणि चष्मा शोधू लागले. एवढ्यावर मी त्यांना गाडीत घातलं.

क्लब म्हणजे चर्चच्या मागचा एक लांबट, गारठलेला हॉल. सगळे सभासद साठीच्या पुढचे. कीथ नावाचे निवृत्त बस ड्रायव्हर तिथले सेक्रेटरी. त्यांनी बाबांच्या हातात क्लबची रायफल दिली. बाबांनी ती खांद्याला लावली आणि पाच मिनिटं तशीच धरून ठेवली. मग खाली ठेवली.

"काय झालं, बाबा?"

"छान आहे रायफल."

कीथना मात्र कळलं. रायफलीवरची मागची खाच, पुढची काडी आणि लांबचं कार्ड, तिन्ही एका वेळी स्पष्ट दिसावी लागतात, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना ते जमत नाही. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना तर नाहीच. त्यावर उपाय म्हणजे रेड डॉट साइट. रायफलीवर बसवायची छोटी नळी, तिच्यात भिंग, भिंगात तांबडा ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका लक्ष्यावर आणायचा आणि चाप ओढायचा. "आमचा अर्धा क्लब त्याच्यावरच चालतो," कीथ म्हणाले. मार्चमध्ये, बाबा निघायच्या आधीच्या रविवारी, क्लबची एक लहानशी स्पर्धा होती. कीथनी बाबांचं नाव लिहून घेतलं. परतताना गाडीत बाबा म्हणाले, "बरा माणूस आहे." इकडे आल्यापासून 'छान' आणि 'बघू' सोडून कशाबद्दल दिलेलं ते पहिलं मत. हा रविवार नीट पार पडला तर 'बघू'चं 'येतो' होईल, अशी मला आशा वाटू लागली.

झालं. मी सॉफ्टवेअरवाला. मी एक्सेल शीट उघडली. चौदा रकाने, नऊ साइट्स, शेवटी दोन उरल्या. दोन्ही काळ्या, दोन्ही वीतभरापेक्षा लहान, वजनात फरक असलाच तर दोन बिस्किटांचा. एकीचा ठिपका कणभर मोठा. मी तीन आठवडे विचार केला.

"अरे, त्यातली एक घे ना," मनीषा म्हणाली. "लग्नाच्या वेळी इतका विचार केला नव्हतास."

"म्हणून तर आता करतोय."

यानंतर दोन दिवस मी डबा स्वतः भरून नेला.

शेवटी आम्हा परदेशस्थ मंडळींचा हुकमी उपाय मी वापरला. दोन्ही मागवायच्या आणि एक परत करायची. आमच्या ओळखीत कोट, व्हॅक्यूम क्लीनर, एकदा तर आख्खा सोफा असा दोन-दोन मागवून निवडला गेलाय. परत करायला अठ्ठावीस दिवस देणाऱ्या देशात आपण इतकी वर्षं राहतो, त्याचं काही चीज करायला नको? साइट्स आल्या. दोघींवर मी 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि 'अ' डोळ्याला लावून किचनच्या खिडकीतून शेजारच्या धुराड्याकडे बघितलं.

ठिपका गोल नव्हता. घामाने कुंकू ओघळावं तसा तो खाली पसरला होता. 'ब' लावून बघितली, तिच्यातही ओघळ. फक्त जरासा तिरका.

"बाबा, तुम्ही बघा. ठिपका कसा दिसतो?"

बाबांनी आधी एक बघितली, मग दुसरी. "गोल आहे. दोन्हींत. दोन्ही सारख्याच आहेत."

"फाटलेला नाही दिसत?"

"नाही रे. छान आहे."

आता सांगा, मी काय समजायचं? मुलाने हौसेने आणलेल्या वस्तूला बाबा खराब म्हणणं शक्यच नव्हतं. उद्या मी नुसती नळी आणून दिली असती, तरी त्यांनी तिच्यात ठिपका बघितला असता. मला त्यांची दया आली. मनीषाला बघ म्हटलं, तर तिने बंदुकीच्या सामानाला हात लावायला साफ नकार दिला. मी दुकानाला कडक शब्दांत पत्र लिहिलं आणि 'ब' बदलून मागवली.

ती येईपर्यंत 'अ' क्लबात नेली. कीथनी ती रायफलीवर बसवली आणि एक आख्खी संध्याकाळ बाबांबरोबर बसून ती झिरो केली. झिरो करणं म्हणजे, छर्रा जिथे लागतो तिथेच ठिपका दिसेल असे साइटचे बारीक स्क्रू फिरवत राहायचं. एक छर्रा, अर्धा फेरा, पुन्हा एक छर्रा. दीड तास. बाबा त्या दीड तासात दोनदा हसले. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि मला आई आठवत होती.

शनिवारी नवी 'ब' आली. डोळ्याला लावली. ओघळ होता, पण कमी! (मी त्या दिवशी दुपारी झोपलो होतो, हे कारण तेव्हा सुचलं नाही.) म्हणजे बाबा उद्या फाटक्या ठिपक्याने नेम धरणार आणि भिडेपोटी बोलणार नाहीत, चांगली साइट घरात पडून असताना! मला ते बघवेना.

रविवारी सकाळी बाबा कीथबरोबर चहा घेत होते आणि रायफल टेबलावर होती. मी खिशातून, घरचं कपाट जोडायला त्याच्याबरोबर आलेली ॲलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षटकोनी सळई, काढली, 'अ' सोडवली, 'ब' बसवली आणि चिठ्ठी काढून टाकली. दोन मिनिटांचं काम. दोन्ही सारख्याच तर होत्या, मग कीथनी फिरवलेले ते स्क्रू एकीबरोबर निघून गेले हे माझ्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. चौदा रकान्यांत तसा रकानाच नव्हता.

कीथ म्हणाले, "आधी दोन-तीन ट्रायल शॉट्स घेऊ दे त्यांना."

"नो नीड," मी म्हणालो. "सगळं सेट आहे. उगाच त्यांचा खांदा दुखेल."

बाबा माझ्याकडे बघून "चालेल" म्हणाले.

ते बसले, कोपर टेकवलं आणि दहा छर्रे मारले. एकही हालचाल जास्तीची नाही. शेजारच्या लेनमधल्या डोरीनबाई स्वतःचं सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या. तिथे कार्ड दोरीवर लावलेलं असतं, लक्ष्यापर्यंत कुणी चालत जात नाही. कीथनी दोरी ओढली, कार्ड आलं. त्यांनी ते बघितलं. उलटं करून बघितलं. मग दिव्यासमोर धरलं.

कार्ड कोरं होतं. दुकानातून आणल्यासारखं.

"हार्ड लक, मिस्टर देशपांडे," कीथ हळूच म्हणाले. डोरीनबाईंनी बाबांना बिस्किट दिलं. बाबांनी ते खाल्लं आणि छान आहे म्हणाले.

गाडीत ते म्हणाले, "सुहास, डोळे गेले रे माझे. ठिपका अगदी मधोमध होता. मला तसा दिसत होता. म्हणजे आता दिसतं तेही खरं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्हा कशाला यायचं इतक्या लांब. बसायची खुर्ची तिकडेही आहे."

मी गाडी चालवत राहिलो. त्यांचं रडणं मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं, आणि आताही ते रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. दोष साइटचा असेल असं मी दोनदा म्हणून बघितलं, पण साइट कुणी लावली ते मात्र तोंडातून निघेना.

सोमवारी मी सुट्टी टाकून त्यांना डोळे तपासायला नेलं. एकावर एक तपासणी फुकट होती, म्हणून मनीषाने मलाही बसवलं. आधी बाबा. त्यांनी अगदी खालची ओळ वाचून दाखवली. "वंडरफुल आइज," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. बाबांचा विश्वास बसला नाही. मग मी खुर्चीत बसलो.

"तुम्हाला रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या दिसतात का?" बाईंनी विचारलं.

"हो. दिव्यांना असतातच ना."

"नसतात."

बाईंनी फळ्यावर दोन आकृत्या काढून समजावलं. माझ्या बुबुळाचा आकार थोडा लांबट, त्यामुळे प्रकाशाचा बिंदू मला ओघळलेला दिसतो. चष्म्याने बरं होईल. मला त्यांचं पुढचं काही ऐकू येत नव्हतं. बाबांना ठिपका गोल दिसत होता, कारण तो गोल होता. ते छान म्हणत होते, कारण तो छान होता. सबंध हिवाळ्यात त्यांनी एकदाच मनापासून 'छान' म्हटलं होतं, आणि नेमकं तेवढंच मी खोटं धरलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, ॲलन की, ट्रायल शॉट्स. मनीषाने डोक्याला हात लावला.

"मला न विचारता बदललीस?" बाबांनी विचारलं.

"विचारलं असतं तर तुम्ही 'चालेल' म्हणाला असतात."

ते उठले आणि कोट चढवला. "कीथला फोन लाव."

कीथनी हॉल उघडून दिला. त्या लेनमध्ये कार्डामागे त्यांनी स्पर्धेसाठी नवीन प्लायवूड लावलं होतं. आम्ही तिघं टॉर्च घेऊन पहिल्यांदाच तिथवर चालत गेलो. कार्डाच्या जागेपासून हातभर डावीकडे, खाली, एक भोक होतं. एकच. त्यात दहा छर्रे. दहा पेन्सचं नाणं ठेवलं तर झाकलं जाईल एवढं.

कीथ टोपी काढून म्हणाले, "या हॉलमध्ये असं कुणी मारलेलं मी बघितलेलं नाही."

बाबांनी त्या भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माझी खोली गार आहे. पहिल्या दिवसापासून."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढे सुरुवात केली. सकाळचं ते दुधातलं सीरियल म्हणजे भिजलेला पुठ्ठा. भाजीला मीठ नसतं. टीव्हीचा आवाज तू कमी करतोस ते मला कळतं. तुझ्या आईचा विषय निघाला की तुम्ही दोघं पाणी आणायला उठता, किती पाणी पिता? हॉलपासून घरापर्यंत ते बोलत होते. हॅरोची मुख्य सडक, दोन सिग्नल, आमची गल्ली. मला मध्येच रडू येत होतं आणि मध्येच हसू. घरी आल्यावर मनीषाने मीठ आणि लोणचं पुढ्यात ठेवलं, आणि आम्ही तिघं आईबद्दल बोलत बसलो.

गुरुवारी विमानतळावर मी विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी?"

"येतो. खोलीला हीटर लाव."

तेव्हापासून तीन हिवाळे झाले. बाबा दर वर्षी येतात आणि आल्या आल्या क्लबचा फॉर्म भरतात. यंदा तो फॉर्म पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून सहज नजर टाकली. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं' या रकान्यात बाबांनी कीथचं नाव लिहिलंय. खाली टीप आहे, 'मुलाला कळवू नये. तो मदत करायला येतो.'