ओहोटीच्या रेघा

आमच्या थळला हुतूतूचा संघ होता तो ओहोटीच्या जिवावर. तो उभा केला मास्तरांनी. शाळेत कवायत शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि गडी जमवायची त्यांची रीत कुठल्याच पुस्तकात नव्हती. होड्या किनाऱ्याला लागल्या की ते दोराला हात लावायला जात आणि ओढताना कोण श्वास जपून वापरतो ते बघत. मग त्याला नुसतं म्हणत, "उद्या अष्टमी. दुपारी ये."

वेळ तिथीवर ठरे, कारण ओहोटीला होड्या चिखलात बसत आणि कोळीवाडा मोकळा असे. पुनवेला खेळ संध्याकाळी, अष्टमीच्या सुमारास भर उन्हात. आम्ही नारळी-पोफळीच्या वाडीवाले कुरकुरायचो. ओल्या पुळणीच्या वाळूत टाचेनं रेघा ओढता ओढता मास्तर म्हणायचे, "तुमची झाडं कुठं जात नाहीत. त्यांची होडी जाते."

कोळीवाड्यातला एक गडी आमच्यात सगळ्यात लांब दमाचा. त्याचा हुतूतू ऐकून ऐकून समोरचे आधी कंटाळत, मग बाद होत. तो येतो म्हणून बाकीचे कोळी येत.

पावसाळ्यात खेळ बंद पडे, म्हणून मास्तरांनी गावच्या वकीलसाहेबांकडे एक छप्पर मागितलं. साहेबांनी उन्हाळ्यातच पत्र्याची इमारत दिली, आणि तिच्यासोबत स्वतःचं अध्यक्षपदही. उद्घाटनाला त्यांनी बलदंड तरुणांवर तासभर भाषण केलं. त्याआधी त्यांना टांग्यातून उतरवायला दोन बलदंड तरुण लागले होते. मास्तरांनी हात जोडून आभार मानले. मग नियम आले. सराव रोज संध्याकाळी पाचला, शिट्टीवर. तीन वेळा गैरहजर, की नाव कमी.

अष्टमीच्या आसपास पाचला भरती असते, म्हणजे होड्या बाहेर. आमच्या सगळ्यात लांब दमाच्या गड्याचं नाव पहिल्या पंधरवड्यातच गेलं.

मास्तर त्याच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होतो. त्याची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"काय मास्तर, घड्याल आनलं का संगती?"

"वैनी, त्याला पाठवा. मी साहेबांशी बोलतो."

"बोला की. पन त्यांना म्हनावं, आदी दर्याशी बोला."

जाळं विणणाऱ्या तिच्या मुलानं मान वर केली नाही. "मास्तर, त्या पत्र्याखाली मी न्हाय येनार. तुमी पुलनीवर रेघा वडा. मी आलो न्हाय तर तोंडावर थुका."

मास्तर तसेच परत फिरले. छप्पर त्यांनीच मागितलं होतं, आभारही त्यांनीच मानले होते. भिडस्त माणूस. तो अख्खा पावसाळा त्यांनी पत्र्याखाली शिट्टी वाजवली. समोर आम्ही वाडीवाले तेवढे होतो, आणि आमचा दम सगळ्यांना माहीत होता.

नारळी पुनवेनंतर त्यांनी शिट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलून दुसऱ्याच्या हाती दिली. समारंभ झाला नाही, एवढंच नवल. त्या संध्याकाळच्या ओहोटीला मास्तरांनी पुळणीवर रेघा ओढल्या आणि कोळीवाड्यात निरोप धाडला.

त्या गड्याची आई स्वतःच आली. "तो मुंबईला गेला, मास्तर. गलबतावर खलाशी. बाकीचे पन त्याच्या मागनं गेले." मग रेघांकडे बघून, "लई वाट बगितली त्यानं. रोज ओहोटीला हितं येऊन बगून जायचा."

मास्तर म्हणाले, "हं."

त्यानंतरही ते तिथीप्रमाणे येत राहिले. कधी मी जाई, पण दोघांत हुतूतू होत नाही. ते रेघा ओढत आणि मधल्या रेघेशी उभे राहत. पाणी चढू लागलं की घरी जात.

एवढ्या उघड्या किनाऱ्यावर कोणी कुठूनही चालावं. पण टोपल्या घेऊन येणाऱ्या कोळणी त्या रेघांना वळसा घालून जात. पहिल्यांदा वळसा घातला तो त्या आईनं. बाकीच्या तिच्या मागून गेल्या.