मावशीच्या खड्यातले पट्टे

आमच्या इमारतीत बोलवा आहे, की माझी मावशी मेलेली माणसं गोठवून ठेवते. साफ खोटं. ती गोठवते तिळाएवढा काळा खडा.

मावशी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. भट्टीत स्फटिक वाढवायचा, त्याचा कण कापून धातूच्या चकतीवर चिकटवायचा आणि यंत्रात उतरवायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पुरेसा थंड केला की त्या खड्यातून वीज बिनअडथळा वाहते. शिवाय त्यातला विद्युतभार सगळीकडे सारखा न पसरता ओळी धरून बसतो, साधारण चार-चार अणूंच्या अंतराने. यंत्राची सुई वरून फिरली की पडद्यावर पट्टे दिसतात.

यंदाच्या खड्यावर आठ महिने गेले. पट्टे दिसले. तिचे साहेब हरखले. "हं... म्हणजे... तत्त्वतः... जमलंच की हो, बाई!" (साहेबांची नक्कल मला हुबेहूब जमते.)

मावशी मात्र घरी येऊन म्हणाली, "उद्या खडा काढून काटकोनात वळवून लावणार. पट्टे खड्याचे असतील तर त्याच्याबरोबर वळतील. यंत्राचे असतील तर जागचे हलणार नाहीत."

"आणि थंड-गरम होताना तडकला तर?"

"तर आठ महिने पाण्यात."

त्या खोलीत मी एकदाच गेले होते, पण तिथला पंप मला पाठ आहे. ठक्-ठक्-सूंऽ, ठक्-ठक्-सूंऽ. इतकी नेमकी थरथर सुईला लागणारच.

"मावशे, पट्टे पंपाचे आहेत. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर?"

"तू म्हणशील ते."

तीन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. चौथ्या संध्याकाळी दारातच चपला काढता काढता तिने हाताचा पंजा उभा धरला आणि हळूच आडवा केला.

"वळले?"

"सगळेच्या सगळे. पंप बसलाय ठकठकत."

मग पिशवी खुंटीला अडकवत म्हणाली, "जिन्यात माझा आवाज काढून 'आज दोन आणलेत, फ्रीझरात जागा नाही' असं कोण म्हणत होतं, ते ठाऊक आहे मला. आता दारोदार जाऊन सांग, मी काय गोठवते ते. स्वतःच्या आवाजात."

दोन मजले झालेत. तळमजल्यावरच्या काकूंनी पट्ट्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दार लोटता लोटता विचारलं, "मग माणसं कुठे ठेवते गं?"