मिठाचा डबा हृदयाच्या फळीवर

औषधांच्या दुकानात तिची नजर घारीची. कुठलंही औषध मागा, खोका निळा की पिवळा, कुठल्या फळीवर, पुढे की मागे, डोळे मिटून काढून द्यायची. पण मालकांनी फर्मान काढलं, की यापुढे परीक्षा पास झालेल्यांनीच औषधाला हात लावायचा. बाकीच्यांनी तळघरात खोकी फोडायची. आणि परीक्षेत खोक्याचा रंग कोण विचारतंय! तिथं विचारतात, हे औषध कुठल्या गटातलं, शरीरात काय करतं, कुणाला देऊ नये. तिथंच तिचं घोडं पेंड खायचं. दोनदा आपटली होती बिचारी. मालकांनी बजावलं, "ही शेवटची संधी. नंतर माझ्यापुढे रडायचं नाही."

रडायला सवड कुणाला होती? पुस्तक उघडलं की सगळी नावं सारखीच दिसायची. कुणाच्या शेवटी 'प्रिल', कुणाच्या 'ओलॉल', कुणाच्या 'स्टॅटिन'. सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ पुसलेलं. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. जीव टांगणीला लागलेलं माणूस काहीही करतं, तसं तिनं स्वयंपाकघरच औषधांच्या गटांप्रमाणे लावलं. वरची फळी हृदयाची. तिथं पहिलं मीठ, कारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातलं मीठ-पाणी बाहेर काढतात. शेजारी तेल, म्हणजे रक्तातली चरबी उतरवणारी स्टॅटिन. मग चहा : चहानं छाती धडधडते, ओलॉलवाल्या गोळ्या ती धडधड कमी करतात. मधल्या फळीवर मिरची, पोटातल्या आम्लाच्या गोळ्यांसाठी. खाली साखर, ती कुठल्या गोळ्यांसाठी हे काय सांगायला हवं? कामावरून आली की डब्यांपुढे उभी राहून मोठमोठ्यानं घोकायची.

घरात सासूबाई होत्या. सावल्यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे, पण स्वयंपाक त्यांचाच, सगळा हाताच्या सवयीनं. डबे हलले आणि घोळ सुरू झाला. भाजी गोड झाली. एकदा पाहुण्यांपुढे खारट चहा गेला. त्यांचा मुलगा हसत म्हणाला, "साठी बुद्धी नाठी! आई, आता तू बस निवांत." सूनही हसली. सासूबाईंनी चाचपत कप गोळा केले.

परीक्षेच्या दिवशी कॉम्प्युटरपुढे बसताना पहिली काही नावं पुन्हा सारखीच दिसली. पण डबे मदतीला आले. तेल आठवलं, मिरची आठवली, उत्तरं सुचत गेली. मग प्रश्न आला : यातलं लघवी वाढवणारं औषध कोणतं? ती मनातल्या मनात वरच्या फळीशी गेली, पहिल्या डब्याकडे. आणि तिच्या लक्षात आलं, या जागी तर वर्षानुवर्षं साखर होती! सासूबाईंचा हात सवयीनं इथंच आला असणार. खारट चहा म्हातारपणानं नव्हता झाला, तिनं केला होता. आणि वर ती हसली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की पडद्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. पुढचे किती प्रश्न तिनं नुसते बघत घालवले, तिलाच ठाऊक नाही. निकाल तिथल्या तिथे लागला. नापास. तेही अगदी थोडक्यात.

तशीच घरी आली. चपला काढल्या नाहीत तोच स्वयंपाकघरात शिरून तिनं मिठाचा डबा उचलला. आधी हा जागेवर जायला हवा. बाकी सगळं तर संपलंच होतं.

"काय हलवतेस गं?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

"तुमचे डबे पूर्वीसारखे लावते, आई. चुकलं माझं. त्या दिवशी चहा माझ्यामुळे बिघडला, आणि बोलणी तुम्हाला बसली."

"आणि परीक्षा?"

"नापास. उद्यापासून तळघरात." तिचा बांध फुटला.

सासूबाई भिंतीला हात लावत आत आल्या. त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला, वरच्या फळीवर पहिला ठेवला आणि शेजारचे दोन चाचपून पाहिले. "तेल. चहा. बरोबर?"

ती रडायची थांबून बघतच राहिली.

"तुम्ही सगळे बाहेर गेलात की दुपारभर हेच डबे चाचपत होते मी. किती वेळा मिरची चाखलीय, माझ्या जिभेला विचार. आत्ता कुठं हाताला बसलंय," सासूबाई म्हणाल्या. "आता पुन्हा हलवलंस तर पहिल्यापासून शिकायचं माझ्यात बळ नाही गं बाई. डबे इथंच राहतील. दुकान काय ते एकच आहे? पहिल्यापासून तू शीक."