मांडीवरची भाकर

"ताय, माजा नंबर कवा?" हिरामावशीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"बस गो मावशी, नळ्या यायच्यात."

धसईजवळच्या आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होते. त्या मंगळवारी शुगरवाल्यांची फास्टिंगची तपासणी होती. फास्टिंग म्हणजे रात्री जेवल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. नेमक्या रक्त घ्यायच्या नळ्या संपलेल्या, नि मुरबाडहून येणारी गाडी अडकलेली. साडेदहा वाजले.

मावशी पहाटेच पाड्यावरून डोंगर उतरून आलेली. मांडीवर फडक्यात तांदळाची भाकर.

शेजारीण म्हणाली, "खा ना तुकडा. कोण बगतंय?"

"नाय गो. रगात दिल्याबिगर नाय. ही ताय कशी वरडते, तुला म्हाईत नाय."

सगळे हसले. मीही हसले.

गाडी आली. मावशीचं नाव पुकारलं, तर ती भिंतीला टेकून डोळे मिटलेली. वाटलं, चालून दमलीय, झोपू दे. पुढच्या चौघांचं रक्त घेतलं. मग हलवायला गेले. अंग घामानं थंडगार.

बोटाच्या थेंबावर साखर मोजायचं मशीन लावलं. आकडाच येईना, नुसतं 'लो'.

डॉक्टरांनी ग्लुकोजची सलाईन लावता लावता विचारलं, "सकाळी शुगरची गोळी घेतली होती?"

"घेतली की," शेजारीण म्हणाली. "वाटंत, पाण्यासंगं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घेऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं?"

मी एवढंच सांगितलं होतं, काही खायचं नाही. आणि सहा वर्षं दर महिन्याला दटावत होते, गोळी एक दिवस चुकवायची नाही. ती गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं, की साखर उतरतच जाते. मावशीनं माझे दोन्ही शब्द पाळले.

ॲम्ब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात नेलं. शुद्ध आली नाही. चौथ्या दिवशी गेली.

मी पाड्यावर गेले. सून म्हणाली, "तुमच्यावर लय भरोसा तिचा. आमचं कुनाचं ऐकायची नाय." तिनं चहा दिला. तो कसा प्यायले, माझं मला ठाऊक.

मग रिटायर होईपर्यंत आदल्या दिवशीच प्रत्येकाला सांगायचे, शुगरची गोळी रक्त दिल्यावर, खाऊनच. नुसतं सांगायचे नाही, त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचे. आणि बाकावर कुणी डोळे मिटले, की हातातलं काम टाकून आधी उठवायचे. म्हातारी माणसं चिडायची, "झोपू बी देत नाय ही बाय."

चिडू देत. चिडणारं माणूस शुद्धीवर असतं.