वाकलेलं पातं

आमच्या ह्यांना सगळे फीलर मास्तर म्हणतात. इंजिन बांधणारे पुष्कळ आहेत, पण हे बसले की बघत राहावं. क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, पिस्टनचे रॉड बसवले, बोल्ट आवळले की दुसरा माणूस पुढच्या कामाला लागेल. हे नाही. हे एकेक रॉड बाजूला सरकवणार, रॉड आणि क्रँकचा गाल, म्हणजे बाजूची उभी कड, यांमध्ये उरलेल्या फटीत फीलर गेजचं पोलादी पातं घालणार, आणि डोळे मिटून ते मागेपुढे करणार. पात्यावर जाडी लिहिलेली असते, पण ह्यांचं म्हणणं, आकडा कुणीही वाचेल. पातं सरकताना बोटाला किंचित ओढ लागली पाहिजे. ओढच नाही तर फट जास्त, तेल बाहेर उडून जातं. पातं अडलं तर फट कमी, इंजिन तापलं की रॉड तिथेच घासून जाम. लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकतेय. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

मी दुकानात पुढच्या टेबलाशी असते. सुटे भाग रॉकेलमध्ये धुते, पुसते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. भांडण ह्यांना जमत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे.

तर आमच्या व्याह्यांच्या ट्रकचं इंजिन आलं. लेकीच्या सासऱ्यांचं काम, त्यामुळे हे जरा जास्तच ताठ बसले. क्रँक घासायला नेहमीप्रमाणे लेथवाल्या भाऊजींकडे गेला. भाऊजी म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, मागच्याच गल्लीत त्यांचं दुकान. एक रॉड वाकलेला निघाला, त्याच्या जागी नवा आणला. इंजिन बांधून झालं, व्याही खुशीत ट्रक घेऊन गेले, आणि पहिल्याच मोठ्या चढावर इंजिन जाम! दोर बांधून ओढत आणावा लागला.

सगळ्यांसमोर इंजिन उघडलं. नव्या रॉडची बाजू जळून निळी पडलेली, शेजारचा क्रँकचा गालही तसाच. व्याही कमरेवर हात ठेवून उभे, त्यांचा ड्रायव्हर उभा, दोन गिऱ्हाइकं उभी. गडबड ऐकून भाऊजीही आले होते. आणि आमचे हे, ज्यांचा आवाज कधी मागच्या खोलीपर्यंत पोचला नाही, ते भाऊजींवर कडाडले, "क्रँक घासलास की खेळ केलास? गालाच्या कोपऱ्यात जास्तीचं लोखंड तसंच सोडलंस! रॉडला हलायला जागा कुठे आहे?"

भाऊजींनी क्रँककडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता जुंपणार. पण ते नुसतं "बरं" म्हणाले आणि निघून गेले. मला मेलीला वाटलं, चूक आहे म्हणूनच गप्प बसले.

आमच्या व्याह्यांच्या पोटात काही राहत नाही. बघता बघता सगळ्या बाजारात झालं, लेथवाल्याचा हात बिघडला. त्यांच्या दारात क्रँक ठेवायला जागा नसायची, तिथे आता मांजर ऊन खात बसायचं.

मग एका दुपारी मी फीलर गेज पुसायला घेतलं. पात्यांना तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर गंज धरतो. सगळी पाती पसरली, तर रॉडच्या फटीला लागतं तेच पातं टोकाशी चुरगळलेलं. ह्यांच्या पात्यांना दुसरं कुणी हात लावत नाही, आणि पातं काही उगाच चुरगळत नाही. जात नसताना जोर लावून घुसवलं तरच त्याचं असं होतं.

"अहो, हे काय?"

हे पान्हा पुसायला लागले.

"दाबून घातलंत ना पातं?"

"मला वाटलं, जातंय."

"वाटलं म्हणजे? तुम्हाला? ओढ कळली नाही?"

ह्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "बोटाला चिमटा काढ."

मी तापलेलीच होते. असा काढला की नखाचा वण उठला.

"काढ ना," हे म्हणाले.

चिमटा त्यांना कळलाच नव्हता. खूप दिवसांपासून बोटांची टोकं बधिर होती म्हणे. डॉक्टर नको, बायको नको, कुणाला सांगायचं नाही. फीलर मास्तरला फीलर कळत नाही, हे लोकांना कळलं तर? नवा रॉड बाजूनं जाड आला होता, फटीत पातं अडत होतं, आणि ह्यांनी ते न कळून रेटलं.

"मग भाऊजींच्या अंगावर कशाला गेलात? तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"इंजिन उघडल्या उघडल्या कळलं होतं." आवाज इतका खाली की मला वाकून ऐकावं लागलं. "व्याही समोर उभे होते गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून जास्त लाज वाटली. बोटं गेली त्याची काय लाज, कुणाचीही जातील. पण स्वतःचं झाकायला मित्राचं नाव बाजारात धुळीला मिळवलं, आणि मग रोज त्याच्याच दारावरून मान खाली घालून जात राहिले! मी म्हटलं, "उठा. आणि व्याह्यांना मी बोलावते. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर निस्तरा."

व्याही आले. आम्ही तिघं भाऊजींच्या दुकानात गेलो. ते लेथवर कसलीशी बारीक पिन कातत होते. हे दारातच थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी म्हणाले, "क्रँक बरोबर होता. फट मी चुकवली. माझ्या बोटांना कळत नाही आता. मला माहीत होतं, तरी तुझ्यावर ढकललं."

भाऊजींनी मशीन बंद केलं, हात पुसले.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "कोपरा मीच घासलेला ना. मी रोज वाट बघत होतो तुझी."

"चुकलो रे."

"त्याचं एवढं नाही. बोटांचं मला सांगायचंस. तू रॉड सरकवला असतास, मी येऊन पातं घातलं असतं. कुणाला कळलंसुद्धा नसतं."

एवढं बोलून त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि आमच्याकडे पाठ केली. हे तिथेच उभे राहिले. शेवटी मीच दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.